वाचनालयासाठी व्यायाम-आहाराचे व्हिडिओ: पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

आमच्या वाचनालयाचं दार सकाळी आठला उघडतं आणि सव्वाआठपर्यंत वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवतीच्या खुर्च्या भरलेल्या असतात. त्यातले निम्मे काका अकरापर्यंत हलत नाहीत. अग्रलेख, निधनवार्ता, शब्दकोडं, मग शेजारच्याच्या हातातला पेपर कधी रिकामा होतोय याची वाट. उठताना एक हात टेबलावर, एक गुडघ्यावर आणि तोंडात 'आई गं'. व्यायाम आणि आहारावर वाचनालयाने छोटे व्हिडिओ करावेत असं कार्यकारी मंडळात ठरलं, तेव्हा खरं तर पहिला विषय माझ्या समोरच बसलेला होता.

तरी पहिला व्हिडिओ मी बिघडवलाच. नऊ मिनिटं लांबी. त्यातली चार अध्यक्षांच्या मनोगताची, मागे घरघरणारा पंखा आणि शेवटी एका गाजलेल्या सिनेमाचं गाणं, ज्यावर दुसऱ्याच दिवशी हक्कदाराचा दावा आला. पाहिला तो बहुतेक मंडळातल्याच लोकांनी. दुसरा मात्र त्या काकांवरच केला, दीड मिनिटाचा. तो चालला. तेव्हापासून जे हाताला लागलं ते इथे क्रमाने सांगते. वाचनालय ड वर्गाचं, म्हणजे सर्वांत लहान असो, ग्रंथपाल, लिपिक आणि शिपाई या तिन्ही भूमिका एकाच माणसाकडे असोत, एवढं जमतं.

आधी माणूस ठरवा, मग विषय

पिळदार दंडांची तरुण मंडळी फोनवर हवी तेवढी दिसतात. त्यांच्याशी स्पर्धा करायला गेलात तर हसं होईल. वाचनालयाकडे दोनच गोष्टी अशा आहेत ज्या त्यांच्याकडे नाहीत: ओळखीचा चेहरा आणि मागचं पुस्तकांचं कपाट. व्हिडिओ या दोन पायांवर उभा करायचा.

एक कोरं तालिकापत्र घ्या, म्हणजे पुस्तकाची नोंद करायचं छोटं कार्ड (संगणक आल्यापासून ढिगाने पडून असतील). त्यावर तीन ओळी लिहा: कोणासाठी, त्यांची अडचण काय, उद्या सकाळी त्यांनी नेमकं काय करायचं. आमच्या पत्रांवर आलेले काही विषय असे: अभ्यासिकेत दहा-दहा तास बसणारी स्पर्धा परीक्षेची मुलं, ज्यांचं दुपारचं जेवण म्हणजे वडापाव आणि दोन कटिंग. बालविभागात मुलांना सोडून बाहेरच्या बाकावर फोन बघत बसणाऱ्या आया. पेपरवाले काका.

'निरोगी राहा' हा विषय होत नाही. 'चारच्या चहाबरोबर बिस्किटाऐवजी काय' हा होतो. तिसरी ओळ लिहिता आली नाही तर ते पत्र बाजूला ठेवा.

मजकूर कपाटातून घ्या, पण साल बघून

दशांश वर्गीकरण, म्हणजे विषयाला क्रमांक देऊन पुस्तकं लावायची पद्धत, वापरत असाल तर ६१३ला आरोग्य, ६१३.२ला आहार, ६१३.७ला व्यायाम आणि योगासनं, ६४१.५ला पाककृती, ७९६ला खेळ. तिथली पुस्तकं काढून आधी प्रकाशनाचं साल बघा. जुन्या पाकपुस्तकांत वनस्पती तूप सढळ हाताने ओतलेलं असतं. त्यातल्या ट्रान्स फॅट या घातक चरबीवर २०२२पासून दोन टक्क्यांची मर्यादा आहे, आणि ती उगाच आलेली नाही. ते पुस्तक कपाटात राहू द्या, त्यातलं प्रमाण व्हिडिओत नको.

आकड्यांसाठी दोन आधार पुरे. आहारासाठी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ची सतरा मार्गदर्शक तत्त्वं आणि व्यायामासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या शिफारशी. प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल आणि दोन दिवस स्नायूंना ताकद देणारे व्यायाम. पासष्टीच्या पुढे तोल सांभाळण्याचे व्यायाम तीन दिवस. शाळकरी मुलांना रोज सरासरी तासभर. हे असंच वाचून दाखवलंत तर लोक जांभया देतील. म्हणून आकडा घरात आणा. १५० मिनिटं म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा-अर्धा तास, आणि तो अर्धा तास सलगच हवा असंही नाही. दिवसाला जास्तीत जास्त पाच ग्रॅम मीठ म्हणजे चहाचा एक सपाट चमचा, आणि त्या चमच्यात लोणचं, पापड आणि फरसाणही आलं. हा चमचा कॅमेऱ्यासमोर बशीत ओता. बघणारे लगेच मनातल्या मनात हिशेब मांडायला लागतात.

आपल्याकडच्या धान्याचंही असंच. शंभर ग्रॅम नाचणीत सुमारे ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं आणि पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळात जेमतेम दहाच्या आसपास. असा एक आकडा एका व्हिडिओला पुरतो. दोन झाले की एकही लक्षात राहत नाही.

एक रेघ मात्र ओलांडू नका. 'मधुमेह पळवा', 'पंधरा दिवसांत गुडघे बरे' असली वाक्यं वाचनालयाच्या नावाने जाता कामा नयेत. आपण हालचाल आणि जेवण सांगतो, उपचार नाही. लिहून झालं की कागद प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना किंवा ओळखीच्या आहारतज्ज्ञांना दाखवा. माझ्या एका कागदावर 'साध्या मिठाऐवजी सैंधव वापरा' असं होतं. डॉक्टरांनी त्यावर काट मारली आणि समासात लिहिलं, 'तेही मीठच.' मला घाम फुटला. तोवर मी ते चार जणांना सांगून बसले होते.

कागदावर दीड मिनिट

'वाचकाचा वेळ वाचवा' हे ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांच्या १९३१च्या पाच सूत्रांतलं चौथं. ते पुस्तकांसाठी लिहिलेलं, पण व्हिडिओला जास्त लागू पडतं. दीड मिनिट, फार तर दोन. मराठीत सावकाश बोललं तर मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द होतात. हालचाल दाखवायची असेल तर त्याहून कमी धरा. म्हणजे सगळा मजकूर वहीच्या एका पानावर मावला पाहिजे. पानाला मधोमध रेघ मारा, डावीकडे काय दिसेल, उजवीकडे काय ऐकू येईल.

काकांच्या व्हिडिओचं पान मी जपून ठेवलंय. पहिलं वाक्य: 'पेपर वाचून झाला? उठायच्या आधी थांबा.' नमस्कार नाही, वाचनालयाचा इतिहास नाही. पुढे डावीकडे: लाकडी खुर्ची, पाठ भिंतीला टेकवलेली, चाकं नाहीत. उजवीकडे: 'खुर्ची सरकणारी नको. पुढे सरकून बसा. पावलं गुडघ्यांच्या जरा मागे, दोन पावलांत वीतभर अंतर. हात छातीशी. नाक पायाच्या बोटांवर येईल इतकं पुढे झुका आणि श्वास सोडत उठा. बसताना धपकन नाही. एक, दोन, तीन म्हणत बसा.' मग काका पाच वेळा उठतात-बसतात. शेवटी: 'हात न टेकता जमत नसेल तर टेका. छातीत किंवा गुडघ्यात कळ आली तर थांबा आणि डॉक्टरांना दाखवा. उद्या इथेच, पेपर घेण्याआधी.'

पान लिहून झालं की मोठ्याने वाचा. जीभ अडखळली तो शब्द बदला. 'कर्बोदके' म्हणताना मी दर वेळी अडखळते, म्हणून आता सरळ भात-भाकरी-साखर म्हणते. आणि आधी स्वतः करून बघा. उठाबशांची ती एक-दोन-तीन मला सोपी वाटली होती. तिसऱ्या वेळेला मांड्या थरथरल्या, म्हणून दहाच्या पाच केल्या.

परवानग्या

कंटाळवाणं काम, पण आधीच उरका. मंडळाच्या इतिवृत्तात ठराव घ्या: कोण करणार, कोण तपासणार, कुठे टाकणार. चित्रात दिसणाऱ्या प्रत्येकाची लेखी संमती घ्या, 'नको वाटलं तर काढून टाकू' या वाक्यासह. अठरा वर्षांखालच्या मुलांच्या पालकांची सही हवीच. २०२३च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही अठराच्या आतला तो बालकच. मागे बसलेल्या वाचकांना विसरू नका. ग्रंथालयात कोण काय वाचतंय हे त्याचं त्याच्यापाशी. आम्ही चित्रीकरण सोमवारी करतो, आमची सुट्टी असते.

फोन आणि दिवाळी अंक

नवं काहीही विकत घेऊ नका. साधा फोन पुरतो. काच रुमालाने पुसा. हे सांगावं लागतं, कारण अर्ध्या धूसर व्हिडिओंचं कारण बोटांचा तेलकटपणा असतो. फोन विमान मोडवर टाका, नाहीतर ऐन उठाबशीत कोणाचा तरी 'जेवलात का' म्हणून फोन येतो. तिपाईऐवजी आम्ही दिवाळी अंकांचे बांधीव गठ्ठे रचतो. तीन वर्षांचे अंक म्हणजे बरोबर कमरेएवढी उंची. वर एक जाड शब्दकोश, त्याला टेकून फोन.

उजेड खिडकीचा, आणि खिडकी फोनच्या मागे. माणसाच्या मागे खिडकी आली की काका सावली होऊन जातात. पंखा बंद. उन्हाळ्यात हे कठीण, पण सकाळी सातला जमतं. आवाजासाठी गळ्याशी अडकवायचा छोटा माइक मिळाला तर उत्तम. नाही मिळाला तर दुसरा फोन बोलणाऱ्याच्या खिशात ठेवून त्यावर आवाज मुद्रित करा आणि नंतर जोडा. सुरुवातीला एक टाळी वाजवा. दोन्ही फोनवरच्या टाळ्या जुळवल्या की आवाज जुळतो.

व्यायाम दाखवताना सगळं शरीर चौकटीत हवं, पावलांसकट. बहुतेक चुका पावलांतच असतात आणि तीच नेमकी कापली जातात. उठ-बस बाजूने दाखवा, हात वर नेण्याचा व्यायाम समोरून. समोरून दाखवताना डाव्या-उजव्याचा घोटाळा ठरलेला. बघणारा आरशासारखी नक्कल करतो. म्हणून शिकवणाऱ्याने स्वतःचा डावा हात उचलायचा आणि तोंडाने 'उजवा' म्हणायचं. याचा सराव करावा लागतो. आमच्या शाळेच्या क्रीडाशिक्षकांनासुद्धा तीनदा लागला.

आणि काम करणारा माणूस गावातलाच असू द्या, पोट सुटलेला असला तरी. पहिल्या खेपेला अडखळून 'थांबा, परत करतो' म्हणणारे काका आम्ही कापले नाहीत.

खाण्याचा व्हिडिओ वेगळा असतो

वाचनालयात शेगडी पेटवू नका. कागद आणि आग, यापुढे सांगायला नको. त्यामुळे एकतर सभासदाच्या स्वयंपाकघरात जा किंवा न शिजवता होणारं करा: मोड आलेल्या मटकीची भेळ, गाजर-काकडीची कोशिंबीर, दही-पोहे.

प्रमाण वाटीने सांगा, पण ती वाटी दाखवा. आमटीची वाटी आणि प्रसादाची वाटी यांत दुपटीचा फरक. तेल बाटलीतून थेट ओतू नका, चमच्याने मोजून घाला आणि मोजतानाच दाखवा. खर्चही सांगा. महागड्या परदेशी फळांचे फोटो बघून आमच्या तालुक्यात लोक 'हे आपलं नाही' म्हणून पुढे सरकतात. पेरू, आवळा, शेवगा, चवळी हे आपलं असतं. मोड काढताना फडकं कसं बांधायचं, पाणी किती वेळा शिंपडायचं, असं काहीतरी हाताने करायचं असलं की लोक शेवटपर्यंत बघतात.

विषय पंचांगातून काढा. आमचा सर्वांत जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ आषाढी एकादशीच्या दोन दिवस आधीचा. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे सगळ्यांना ठाऊक. साबुदाण्याची खिचडी, वर बटाट्याचा कीस, वर वेफर्स. पण उपास करणाऱ्याला टोमणे मारून कोणी सुधारत नाही. आम्ही एका आजींना बसवलं. त्या म्हणाल्या, 'साबुदाणा निव्वळ पिठूळ. पोट भरतं आणि दोन तासांनी परत भूक.' मग त्यांनी वरीचा भात, दाण्याची आमटी आणि ताक असं ताट वाढलं, बाजूला राजगिऱ्याचा छोटा लाडू. साबुदाण्यात प्रथिनं नावालाच असतात आणि शंभर ग्रॅम राजगिऱ्यात तेरा-चौदा ग्रॅम, एवढीच एक ओळ पडद्यावर टाकली. आजींनी खिचडीला नाही म्हटलं नाही. 'करा, पण वाटीभर. दाण्याचं कूट जास्त, तूप कमी,' एवढंच. २०२३ला आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष होतं, तेव्हाची भित्तिपत्रकं आमच्याकडे अजून गुंडाळून ठेवलेली आहेत. त्या वरीच्या भाताच्या ताटाने त्यांच्यापेक्षा जास्त काम केलं असं मला वाटतं.

जेवणाबरोबर किंवा लगेच नंतर चहा घेतला की अन्नातलं लोह कमी शोषलं जातं, आणि पालेभाजीवर लिंबू पिळलं की जास्त. हाही एक हमखास चालणारा विषय आहे. फक्त 'चहा सोडा' म्हणू नका. 'तासाभराने घ्या' म्हणा. महाराष्ट्रात चहा सोडायला सांगणाऱ्याचं पुढचं कोणी ऐकत नाही.

कापणं आणि जोडणं

फोनवरच्या कुठल्याही फुकट ॲपवर हे होतं. विरघळणारी दृश्यं, चकाकणारी अक्षरं, फिरणारी चित्रं यांच्या नादाला लागू नका. श्वास, 'अं', इकडेतिकडे बघणं तेवढं कापा. बोललेलं सगळं खाली मोठ्या देवनागरी अक्षरांत द्या. ऐकू कमी येणाऱ्यांसाठी ते लागतंच, आणि एसटीत आवाज बंद ठेवून बघणाऱ्यांसाठीही. आपोआप उमटणाऱ्या मराठी मजकुरावर विसंबू नका. आमच्याकडे 'नाचणी'ची 'नाचली' झाली होती.

गाणं नकोच. सिनेमाचं तर नाहीच, आणि भजनाच्या ध्वनिमुद्रणावरही कोणाचा तरी हक्क असतो. यूट्यूबच्या स्वतःच्या ध्वनिसंग्रहातले फुकट तुकडे मिळतात. पण उठाबशीला मोजण्याचा आवाज पुरेसा आहे. पुस्तकांबाबतही तेच. मुखपृष्ठ दाखवा, पण पानंच्या पानं चित्रित करू नका. लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षं हक्क टिकतो. कृती स्वतःच्या शब्दांत सांगा आणि पुस्तकाचं नाव घ्या.

शेवटची पाच सेकंदं त्या पुस्तकाची. मुखपृष्ठ, कपाट क्रमांक, वाचनालयाची वेळ. 'लाइक करा, सबस्क्राइब करा' तिथे नको. आपल्याला माणूस कपाटापाशी यायला हवा आहे.

गावापर्यंत नेणं

यूट्यूबवर वाचनालयाच्या नावाने, वाचनालयाच्या ईमेलवरून वाहिनी काढा. कुणाच्या पुतण्याच्या खात्यावरून काढली की पुतण्या पुण्याला गेला आणि संकेतशब्दही गेला, अशी गोष्ट घरोघरी सापडते. तीन मिनिटांच्या आतला उभा व्हिडिओ तिथे शॉर्ट म्हणून जातो, फोनवर बघणाऱ्यांना तोच सोयीचा. वाचनगृहातल्या टीव्हीवर दाखवायचा असेल तर आडवा काढा. टाकताना 'मुलांसाठी बनवला आहे का' असं विचारलं जातं. हो म्हटलंत तर खालच्या प्रतिक्रिया बंद होतात. बालविभागाच्या व्हिडिओंना तसंच बरं.

शीर्षक लोक जे शोधतात ते. 'आरोग्यसंपदा भाग १' कोणी टंकत नाही. 'खुर्चीतून उठताना गुडघे दुखतात? हे करा' असं टंकतात. पण 'बरे होतील' मात्र लिहू नका. एकदा टाकलेली फाइल बदलून तिथेच दुसरी ठेवता येत नाही. फार तर मधला तुकडा कापता येतो. म्हणून सगळ्यांना दाखवायच्या आधी 'असूचीबद्ध', म्हणजे दुवा असेल त्यालाच दिसेल असा, ठेवून दुवा दोन-तीन जणांना पाठवा. एक तरी असा हवा ज्याला चुका काढण्यात आनंद मिळतो. प्रत्येक वाचनालयात असे सभासद असतात.

नंतर दुवा सभासदांच्या व्हॉट्सॲप गटात, आठवड्यातून एकच. रोज सकाळी पाठवलात तर सुप्रभातच्या फुलांत हरवेल. आणि एक खास आपलं साधन: क्यूआर कोड छापून ६१३च्या फळीवर आणि त्या-त्या पुस्तकाच्या देवघेव तारखांच्या चिठ्ठीखाली चिकटवा. व्हिडिओवरून पुस्तकाकडे आणि पुस्तकावरून व्हिडिओकडे. टाकायच्या तारखा आधीच ठरवा: २१ जूनचा योग दिन, आषाढी, २९ ऑगस्टचा क्रीडा दिन, सप्टेंबरचा पोषण महिना, १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन. वर्षाला आठ-दहा व्हिडिओ झाले तरी भरपूर. त्याहून जास्तीचं आश्वासन मंडळाला देऊ नका.

चाललं की नाही, कसं कळणार

किती जणांनी पाहिलं हा आकडा अध्यक्षांना सांगायला ठीक. मी दोन गोष्टी बघते. यूट्यूब दाखवतं त्या आलेखात लोक कितव्या सेकंदाला सोडून गेले, आणि आमच्या देवघेव नोंदवहीत त्या महिन्यात ६१३ची पुस्तकं किती गेली. एका व्हिडिओत अठराव्या सेकंदाला लोक गळत होते. बघितलं तर तिथे मी 'आजच्या धकाधकीच्या जीवनात' म्हटलं होतं. तेव्हापासून ते वाक्य आमच्याकडे बाद.

मूळ फाइल पेनड्राइव्हवर ठेवा, नावात तारीख घाला आणि दाखल नोंदवहीत वेगळी मालिका करून क्रमांक द्या. पुस्तकाला देतो तसाच. आमच्या उठाबशीच्या व्हिडिओला 'व्हि. २' मिळाला (फसलेल्या पहिल्यालाही मी क्रमांक दिला आहे). 'लेखक' या रकान्यापाशी अडले. टेबलावरच्या काकांना विचारलं, काय लिहू? त्यांनी पेपरातून मान वर केली, खुर्चीच्या टोकाशी सरकले, हात छातीशी घेतले आणि उठता उठता म्हणाले, 'खुर्ची लिहा.'